पाटीवरचा नंबर

माझा धाकटा भाऊ बायकोला पाठिंबा देतो, हे सगळ्यांना माहीत आहे, कारण तोच सांगत फिरतो. ऑफिसात, लिफ्टमध्ये, अगदी केस कापणाऱ्यालासुद्धा. "आमच्या हिचं पडद्यांचं दुकान आहे. मी म्हटलं, कर बिनधास्त!" लोक त्याचं कौतुक करतात आणि माझं डोकं फिरतं.

दुकान घराच्या खालीच. पाटी त्यानं हौसेनं करून आणली आणि तिच्यावर फोन नंबर टाकला स्वतःचा. म्हणे, "तुझ्यामागे कटकट नको."

भावजय कामाला पक्की. बाकीचे खिडकी मोजतात, ती पडद्याची दांडी मोजते; चुण्या भरघोस पडाव्यात म्हणून कापड दुप्पट धरते. नव्या दवाखान्यातल्या सगळ्या खोल्यांचं काम मिळावं म्हणून तिनं चपला झिजवल्या. शेवटी मॅनेजरनं एका दुपारी मापं घ्यायला बोलावलं. काम मिळालं असतं, तर शिवायला दोन बायका ठेवता आल्या असत्या.

नेमका त्याच दिवशी सकाळी पोरीला ताप चढला. "दुपारी तासभर घरी याल?" तिनं नवऱ्याला विचारलं. त्याचं ऑफिस हाकेच्या अंतरावर.

"काळजी करू नकोस. मी बघतो."

संध्याकाळी मी गेले, तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती. पिशवी खांद्यालाच, टेप बाहेर लोंबत होती.

"दवाखान्यातून मलाच फोन आला, ताई," भाऊ खुशीत म्हणाला. "सांगून टाकलं, पोर आजारी आहे, तिला जमणार नाही. उगाच धावपळ कशाला?"

तिनं मॅनेजरला फोन लावेपर्यंत काम दुसऱ्याला गेलं होतं. "तुमच्या मिस्टरांनीच नाही म्हटलं," तो म्हणाला होता.

"अरे, मग तू का नाही थांबलास घरी?" मी ओरडले.

"मी?" तो खरंच गोंधळला. त्याला ते सुचलंच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

भावजय उठली, रंगाचा डबा घेऊन खाली गेली आणि पाटीखाली स्टूल मांडून चढली. तो मागोमाग धावला. "अगं, पडशील! मी धरतो."

"हात काढा. वर जा, पोरीजवळ बसा."

"वर ताई आहे ना!"

"ताई खाली आली," मी जिन्यातून म्हटलं. "पोर एकटी आहे. पळ." आणि स्टूल मी धरलं.

निम्म्या जिन्यातून त्यानं विचारलं, "तिचं औषध कुठं असतं?"

भावजयीनं मान वळवली नाही. तिचा नंबर अजून अर्धाच रंगवून झाला होता.