त्या बाईचं होऊ दे

कुवेतच्या उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने एसी बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच खोलीत राहत होता. महबूल्यातल्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच. तो गुहागरकडचा, एका कंत्राटदाराच्या गोदामात स्टोअरकीपर. मी अकाउंट्सला. तो मला कायम ‘पुणेकर’ म्हणायचा, आणि त्यात कौतुक नसायचं.

दर शुक्रवारी दुपारी त्याची आई त्याच्या पुतण्याला घेऊन चिपळूणच्या सायबर कॅफेत येऊन बसे, आणि हा इकडे कॉम्प्युटरसमोर. मी त्यांना काकी म्हणायचो. काकींचा आवाज आमच्या स्पीकरमधून निघे, आमच्याच माईकमध्ये शिरे आणि क्षणभराने पुन्हा त्यांच्या कानावर जाई. आपल्यासारखंच बोलणारी कुणी बाई मध्ये बसली आहे, अशी त्यांची समजूत. काकी रीतभात सांभाळणाऱ्या. वाक्य अर्धं टाकून थांबायच्या.

“बोल ना गं आई.”

“थांब रे बाबू, त्या बाईचं होऊ दे.”

मी शहाणपणा करून सेटिंगमधली इको दाबणारी खूण चालू करून दिली. बाई गप्प झाली, पण याचा आवाज पिचका झाला, शब्द मधेच तुटू लागले. काकी घाबरल्या. “विहिरीत उतरून बोलतोस काय रे? हा माझ्या बाबूचा आवाजच नव्हे. मी नाय येत आता पुढल्या शुक्रवारी, जिवाला घोर लागतो.” त्या दिवशी तो जेवला नाही. पुतण्याची मनधरणी करून त्याने आणखी एक शुक्रवार मिळवला, माझी ती खूण काढून टाकली, आणि आमच्या खोलीचे हाल सुरू झाले.

आवाज उलटून येऊ नये म्हणून भिंतींवर ब्लँकेटं टांगली गेली. अंड्यांचे रिकामे पुठ्ठे बकालावाला, म्हणजे खालचा किराणावाला, नुसते देईना, म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ अंडी खाऊ लागलो आणि पुठ्ठे भिंतीवर चढू लागले. घरघर नको म्हणून फ्रिज बंद, दूध नासलं. मग एसी बंद. आम्ही नासायचे राहिलो. त्याने कपाटात डोकं घालूनही बोलून पाहिलं. मला तर खालच्या सायबर कॅफेत धाडायचा. “पुणेकर, तू आई हो. बोल आणि ऐक.” आजूबाजूला मल्याळी आणि इजिप्तची मिसरी मंडळी, आणि त्यांच्यामध्ये मी माईकमध्ये विचारतोय, “बाबू, जेवलास काय रे?” माझाच प्रश्न मला परत ऐकू यायचा आणि मी वर जाऊन नापास झाल्याचं सांगायचो.

खरं तर मी त्याला केव्हाच हेडफोन आणून दिले होते. स्पीकरच नको, म्हणजे इकोही नको. प्रेमाने नव्हे, एसी चालू व्हावा म्हणून दिले, हेही सांगून टाकतो. त्याने ते खोक्यातून काढलेदेखील नाहीत.

शेवटी त्याला जमलं. माईक ओठांशी, स्पीकर टेबलाच्या टोकाला, स्पीकरची पाठ माईककडे आणि त्याचा आवाज अगदी बारीक. त्या शुक्रवारी काकी न थांबता बोलल्या. म्हशीचं, फणसाचं, चुलतीच्या गुडघ्याचं. बाई आलीच नाही, आणि बाबूही बाबूसारखाच बोलला. फक्त ऐकण्यासाठी आम्हा दोघांना घामेजलेली डोकी स्पीकरला चिकटवून बसावं लागलं.

“मेल्या, हेडफोन लावले असतेस तर?” मी नंतर चिडून म्हणालो.

“मग तू काय ऐकणार होतास?”

काकींचा शेवटचा प्रश्न दर शुक्रवारी माझ्यासाठी असे, “आणि पुणेकर जेवला काय?” माझी आई मी इकडे असताना गेली. रजा मी पुढे पुढे ढकलत राहिलो होतो. त्याला ठाऊक होतं. त्याने तो विषय कधी काढला नाही.

पुढे तो कायमचा गावी गेला. मी बायकोला कुवेतला आणून इथल्याच रिग्गई भागात राहू लागलो. आता शुक्रवारी तोच घरून कॉल लावतो, काकी शेजारी बसतात. तिथे ना पुठ्ठे, ना ब्लँकेटं. स्पीकर मोठ्याने चालू. “जेवलो, काकी,” मी म्हणतो, आणि क्षणभराने त्यांच्या घरातून माझाच आवाज परत येतो.

स्पीकर फिरव, असं त्याला सांगायला हवं. मी सांगत नाही. थांबतो, त्या माणसाचं होऊ देतो.