बेसनाचं मटन, शेंगेचं हाड

लहानपणी मायच्या हातचं मटन आमी पोटभर खाल्लं, फक्त त्यात बकरं नसायचं. शिजवलेलं बेसन ताटात थापून माय त्याच्या पाटोड्या पाडायची आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या रश्श्यात सोडायची. सोबत शेवग्याच्या शेंगा. ती हाडं! "जोरानं चोखा, शेजारी ऐकू जाऊ द्या," माय सांगायची. आमी दोघी बहिणी अशा चोखायचो की बकऱ्यालाही वाटावं, आपण मेलो.

पुढं बाबा क्लार्क झाले, मी मास्तरीण झाले. घरात खरं मटन येऊ लागलं आणि पाटोड्या मागं पडल्या.

यंदा ताईचं लग्न झालं. जावई पहिल्यांदा जेवायला येणार म्हणजे मटन पाहिजेच. त्यात दोन दिवस आधी ताई माहेरी निघाली तेव्हा सासूनं टोमणा मारूनच पाठवलं होतं, "पाहू तं, तुह्या माहेरी जावयाची काय किंमत हाय." बाबांनी जावयांना फोनवर छाती फुगवून सांगून टाकलं, "दोन किलो आणतो!" दिवस आधीच ठरला होता, सुट्टीचा. आमी नोकरदार माणसं, आमचं पंचांग सुट्ट्यांच्या यादीवर चालते. तारीख होती दोन ऑक्टोबर.

सकाळी बाबा पिशवी घेऊन गेले आणि रिकामी घेऊन आले. आदिलाबादमधली मटनाची सगळी दुकानं बंद! त्या दिवशी कापायला बंदी असते, हे दरवर्षी शाळेत अहिंसेवर भाषण ठोकणाऱ्या माझ्याही टाळक्यात आलं नाही.

"सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून आणू का?" बाबा पुटपुटले.

"तिकडं काय तीन तारीख हाय?" माय कडाडली.

ताई न्हाणीत जाऊन रडत बसली. आता जन्मभर सासू हेच ऐकवणार, म्हणाली. मला सासूचा राग आला, बाबांचा तर विचारूच नका. मायनं पदर खोचला आणि बेसनाचा डबा काढला.

जावई जेवायला बसले. "घ्या जावईबापू, मटन!" बाबा निर्लज्जपणे म्हणाले. मी जीभ चावली. जावयांनी पाटोडी खाल्ली, रश्श्यात भाकर कुस्करली. मग शेंग उचलली, जरा निरखून पाहिली. भाकर वाढणाऱ्या ताईचा हात थांबला.

जावयांनी शेंग तोंडात घातली आणि पार शेजारी ऐकू जाईल अशी चोखली.

"मामी," ते खाली मान घालूनच मायला म्हणाले, "आमच्या घरी माय यात वांग्याच्या फोडीबी टाकाची. कलेजी म्हून."

म्हणजे टोमणा मारणारी ताईची सासूच! ताई फस्सकन हसली, हसता हसता डोळे पुसू लागली. बाबा ताटात तोंड खुपसून बसले.

आमची माय मात्र खरोखरच चिडली. "मंग आधी सांगाचं ना, जावईबापू! वांगे होते ना घरात!"