रिक्रिएशन रूममधला साहेब

मला फायटिंग गेम चांगला खेळता येतो, आणि ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, कानशिलावर पांढरे केस, सांगलीला बायको आणि दहावीतली मुलगी. त्यानं टीव्हीपुढं बसून खोट्या माणसांना खोट्या लाथा घालण्यात पटाईत असावं, हे ऐकून कोणालाही हसूच येईल. आता मी माझ्या खोलीत ऑनलाइन खेळतो. समोर कोण आहे ते कळत नाही. एखादं शाळकरी पोर असेल, नाहीतर कुठल्या तरी देशातला माझ्यासारखाच एक रिकामटेकडा. हरायला लागले की निम्मे लोक सरळ नेट बंद करून पळ काढतात. जिंकले की इंग्रजीतून आईबहिणीचा उद्धार करतात. नेट अडकलं की मी मारलेली लाथ उशिरा पोचते, आणि तोवर मी आडवा झालेला असतो. संताप होतो. तरी खेळतो, कारण समोरचा मला ओळखत नाही आणि हात राखून खेळत नाही.

रुवैसला मी अकरा वर्षं आहे. रिफायनरी, तिच्यात राबणाऱ्यांच्या वसाहती आणि समुद्र, एवढंच हे गाव. अबू धाबीला जायचं तर दोन-अडीच तासांचा सरळसोट रस्ता. मी रिफायनरीला माणसं पुरवणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडं प्लॅनिंगला आहे. प्लॅनिंग हा शब्द उगाच मोठा आहे. उद्या कोण कुठल्या साईटवर, कुठल्या शिफ्टला, आणि कोणाची रजा कधी, हे रोस्टरवर मांडायचं, एवढंच ते काम. दोनशेच्या आसपास माणसं मी रोज इकडची तिकडं करतो. मांडताना माणसाचा चेहरा आठवायचा नाही, नंबर बघायचा, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं गेलं होतं. ते मी नको इतकं चांगलं शिकलो.

कॅम्पच्या रिक्रिएशन रूममध्ये एक कॅरम, एक टीव्ही आणि टीव्हीला जोडलेला जुना गेमचा डबा होता. कायमचा गावी परत जाताना एक केरळी फोरमन तो मागं सोडून गेला होता. दोन रिमोट होते, त्यातल्या एकाचं बटण अडकायचं, आणि खेळ एकच, दोघांच्या मारामारीचा. संध्याकाळी मेसमधलं जेवण उरकलं की वीस-पंचवीस जण तिथं जमायचे. टीव्हीसमोर एक लाकडी बाकडं होतं, त्यावर खेळणारे दोघं बसायचे, बाकीचे मागं उभे. नियम असा की हरला तो उठला. यात मोठा-लहान बघायचं नाही.

ऑफिसची माणसं तिकडं फिरकत नसत. मी गेलो तो कॅरमसाठी. पण त्या गेमचा आवाज कानावर आला आणि मला सांगलीच्या स्टँडमागचं व्हिडिओ गेमचं दुकान आठवलं. सातवी-आठवीत क्लासला दांडी मारून मी तिथं उभा असायचो. खिशात एकच कॉइन, त्यामुळं हरणं परवडायचं नाही. तिथं मी शिकलो की या खेळात ताकद, वेग वगैरे सगळं नंतरचं. आधी समोरच्याची खोड सापडायला हवी. घाबरला की तो उडी मारतो की मागं सरकतो, चिडला की कुठलं बटण बडवतो, हे एकदा कळलं की त्याचा निम्मा खेळ आपल्या हातात येतो. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते अर्धा सेकंद आधी कळण्यात जे सुख आहे ते मला पुढं ना कॉलेजात मिळालं, ना नोकरीत, ना खरं सांगायचं तर संसारात.

मी बाकड्यावर बसलो आणि पाच जणांना ओळीनं उठवलं. मागून कोणीतरी म्हणालं, "साब तो छुपा रुस्तम निकला." मी फुललो. सहावा बसला तो दापोलीकडचा, परांची बांधणारा, सव्वीस-सत्तावीसचा, हडकुळा. त्यानं मला दोन मिनिटांत झोपवलं. खाली बसून पायात लाथ, पुन्हा पायात लाथ, आणि मी खाली बघत असतानाच जवळ येऊन उचलून आपटायचा. एवढीच त्याची विद्या. कोपऱ्यात सापडलो की संपलं. मला ते अत्यंत भिकार खेळणं वाटलं. असल्या खेळाला आम्ही लहानपणी रडीचा डाव म्हणायचो. मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, आपटायला मिळतंय तर कोण नाचत बसेल?" आणि मागचे म्हणाले, "यल्ला साब, चलो, उठो."

त्यानंतर आठ महिने मी रोज गेलो. सुट्टीच्या दिवशी सकाळी, रूम रिकामी असताना, एकट्यानं सराव केला. बायकोला फोनवर जिमला जातो म्हणून सांगितलं. त्याची खोड शोधता शोधता माझी बोटं सुजली. शेवटी सापडली. दोन लाथा मारल्या की उचलण्याआधी तो क्षणभर थांबायचा, अगदी डोळा लवेल इतकाच. त्या फटीत माझा ठोसा बसला आणि मी त्याला पहिल्यांदा उठवलं, तेव्हा तो उठता उठता म्हणाला, "आता लागलात खेळायला."

मग त्यानं मला माझी खोड सांगितली. "तुम्ही उडी मारायच्या आधी पाठ ताठ करता. मी तुमच्याकडं बघतही नाही, बाकडं हलतं." अकरा वर्षांत माझ्याकडं एवढं लक्ष कोणी दिलं नव्हतं. ऑफिसात मी काय बोलतो याकडं लोकांचं लक्ष असतं, कारण त्यांची रजा माझ्याकडं असते. मी कसा आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. त्या बाकड्यावर मात्र तो मला पुरता ओळखून होता आणि मी त्याला. दोन गेमच्या मध्ये थोडं बोलणं व्हायचं. घरी वडिलांचे गुडघे गेलेत, चार वर्षांत गणपतीला घरी गेलेलो नाही, यंदा पूजेला मलाच बसायचंय, असं त्यानं सांगितलं. त्याची रजा मीच चार्टवर टाकली होती. खेळताना मात्र त्यानं कधी ओळख दाखवली नाही. मनापासून बडवायचा. मीही.

या गेममध्ये एक चिडवायचं बटण असतं. दाबलं की तुमचा गडी लढायचं सोडून समोरच्याला वाकुल्या दाखवतो. त्याचा उपयोग शून्य, उलट तेवढ्यात मार बसू शकतो. मी ते त्याच्यावर दोन-तीनदा वापरलं होतं आणि तो हसला होता. जुलैतल्या एका संध्याकाळी रूम भरली होती. मी त्याच्याकडून ओळीनं सात वेळा हरलो. दर वेळी मध्ये कोणी नवा भिडू त्याच्याकडून हरून उठायचा आणि माझी पाळी पुन्हा यायची. सातव्या वेळी त्यानं मला कोपऱ्यात दाबलं, आणि शेवटचा एक फटका बाकी असताना हात थांबवून ते बटण दाबलं. त्याचा गडी माझ्यापुढं मांडी घालून बसला आणि त्यानं जांभई दिली. रूम हसून लोटपोट झाली. एक क्रेनवाला म्हणाला, "साब का रोस्टर इधर नहीं चलता."

मी हसलो. हसून त्याच्या पाठीवर थापही मारली. खोलीवर गेलो आणि मला झोप आली नाही, ते सात गेम हरल्यामुळं नाही. ते वाक्य डोक्यातून जाईना.

दोन दिवसांनी आतल्या वाळवंटातल्या एका साईटसाठी चार परांचीवाल्यांची मागणी आली. तीन महिने, पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये राहायचं, नेटवर्क असलं तर असलं, आणि तिथं गेलेल्याची रजा आपोआप पुढं ढकलली जायची. माझ्याकडं पाठवण्याजोगे अकरा जण होते. तीन नावं मी नेहमीसारखी टाकली. चौथं त्याचं टाकलं. त्याची रजा मी विसरलो होतो, असं मी नंतर त्याच्या फोरमनला सांगितलं. विसरलो नव्हतो. रजेचा चार्ट माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर होता आणि त्याच्या चौकोनात मी माझ्या हातानं हिरवा रंग भरला होता. कागदावर सगळं चोख होतं. कोणी चौकशी केली असती तरी मी बिनदिक्कत उत्तर दिलं असतं. त्यानं चौकशी केलीच नाही. ऑफिसच्या खिडकीशी येऊन एकदाच म्हणाला, "साहेब, माझं नाव बदलता येईल का? गणपतीचं बोललो होतो." मी म्हणालो, "वरून आलंय. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला." वरून काही आलं नव्हतं. त्यानं मान हलवली. त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं.

त्या तीन महिन्यांत मी रोज जिंकलो. पहिले काही दिवस मजा वाटली. मग लक्षात आलं की जो तो माझ्यासमोर चुकीच्या वेळी उडी मारतो. क्रेनवाला तर बाकड्यावर बसेनासाच झाला. कॅम्पमध्ये कोणाला काही सांगावं लागत नाही. रोस्टर भिंतीवर लागतं आणि सगळ्यांना वाचता येतं. मी तरीही स्वतःची समजूत घालत राहिलो, की माझा हात बसलाय.

तो परत आला तेव्हा रापून काळा पडला होता. मेसमध्ये मीच विचारलं, गणपतीत घरी बोलणं झालं का. "आरतीच्या वेळी नेटवर्क नव्हतं," तो म्हणाला. "विसर्जनाचा व्हिडिओ पाठवला भावानं. पूजेला चुलत्याला बसवलं." आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, "चल, दोन हात करू."

तो बाकड्यावर बसला. दोन लाथा, आणि मग ती फट. पण फट आता डोळा लवेल एवढी नव्हती. दार उघडून बाजूला उभं राहावं तसा तो थांबला होता. माझा ठोसा बसला. पुन्हा तसंच. मी मुद्दाम पाठ ताठ करून उडी मारली, आंधळ्यानंही मला हवेत पकडलं असतं. तो खाली बसून राहिला आणि माझी लाथ खाल्ली. तीन गेम तो असा हरला, आणि इतका सफाईनं हरला की मागच्यांना तो खरंच हरतोय असं वाटावं. मला हरवण्यापेक्षा त्याला हे जास्त अवघड गेलं असणार. मी हळूच म्हणालो, "नीट खेळ."

"नीटच खेळतोय, साहेब. तिकडं सवय गेली."

आठवडाभर हेच चाललं. रात्री पडल्या पडल्या मी हिशोब मांडायचो, की माफी मागावी तर कशाची मागायची. कागदावर मी काहीच केलेलं नाही. आणि माफी मागितली म्हणजे जे त्याला फक्त वाटतंय ते मी कबूल केल्यासारखं होईल. एवढा पोक्त माणूस, पण तीन शब्द तोंडातून निघत नव्हते. त्यापेक्षा सोपं म्हणून मी दुसरा मार्ग काढला, आणि तोच माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याला रिक्रिएशन रूममध्ये बोलावलं. दुसरं कोणी नव्हतं. चांगला रिमोट त्याच्याकडं दिला, अडकणाऱ्या बटणाचा मी घेतला. म्हणालो, "तू हात राखून खेळतोस, मला कळतंय."

त्यानं रिमोट बाकड्यावर ठेवला आणि उठून टीव्ही लावला.

"मला असं जिंकायचं नाही. तू मला हरव. पहिल्यासारखा खेळ. तुला काही होणार नाही, माझा शब्द आहे."

त्यानं रिमोट हातात घेतला, बटणं दाबून बघितली. मग माझ्याकडं वळून, उद्या गाडी किती वाजता सुटणार असं विचारावं तसं त्यानं विचारलं, "हरवतो की, साहेब. किती गेम हरवू? सगळे, का एखादा तुम्हाला ठेवू?"

त्यात टोमणा होता का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर खूप शोधलं. बाकड्यावर ज्याचं मन मी अर्धा सेकंद आधी वाचत होतो, त्याच्या चेहऱ्यावर मला काही म्हणता काही सापडलं नाही. तो उत्तराची वाट बघत बसला होता. त्याला आकडा हवा होता, म्हणजे मी सांगेन तेवढं काम करून तो मोकळा झाला असता. मी घरी फोन करायचाय म्हणालो आणि रिमोट बाकड्यावर ठेवून बाहेर आलो.