जळगावला नेलेला बाटलीभर समुद्र

आमच्याकडे किस्से शोधावे लागत नाहीत. सासरे, नवरा आणि पाच वर्षांची मुलगी एका गाडीत बसवली की टोलनाक्यागणिक एक घडतो. मी फक्त मागून गोळा करत जाते.

या वेळचे सगळे एकाच चिंतेमुळे घडले. तिनेच मला कोकणातल्या तंबूत रात्रभर टक्क जागं ठेवलं होतं: रेवा अक्कांसमोर बोलेल का? धुळ्याच्या घरी ही पोरगी फ्रीजशीसुद्धा गप्पा मारते, पण परकं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप. अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नानांची, थोरली बहीण. जळगावला असतात. दिवाळीत त्यांनी भरल्या घरात विचारलं होतं, "पोर मुकी शे का?"

तेव्हापासून मी मुलं वाढवण्याचे इतके व्हिडिओ पाहिले की तेवढा वेळ रेवाशी बोलले असते तर ती आज भाषणं देत असती. त्यातल्या एका बाईंनी सांगितलं, मुलांना समुद्रावर न्या, मोकळी होतात. म्हणून आधी दोन दिवस कोकणात कॅम्पिंग आणि तिथून थेट अक्का!

*

प्रशांतने, म्हणजे नवऱ्याने, बार्बेक्यूसकट तंबू बुक केला होता. नानांनी गाडीच्या टपावर कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा बांधला. भरताची वांगी दुसऱ्या कशावर भाजणं त्यांना मान्य नाही, समुद्र असला म्हणून काय झालं!

पहिल्याच नाक्यावर पोलिसाने भाऱ्याकडे बोट दाखवून हे काय, असं विचारलं. नाना शांतपणे म्हणाले, "कॅम्पिंगचं सामान."

संध्याकाळी शेजारच्या तंबूंतली माणसं आपापलं पनीर सोडून आमच्या भरताच्या रांगेत उभी होती. कॅम्पच्या मालकाने आधी फक्त होमहवन आहे का, एवढंच विचारून घेतलं.

*

त्या रांगेत प्रत्येक जण रेवाला नाव विचारत होता. ती माझ्या ओढणीत. मी दर वेळी हसून सांगायचे, "रेवा."

निघताना मालकाने मला हात जोडले. "पुन्हा या, रेवाताई."

*

समुद्राबद्दल नानांचं मत एका वाक्यात संपलं. "इतलं पानी, आन बठ्ठं खारं!" सगळंच्या सगळं खारं, ही त्यांची तक्रार.

मग ते आणि रेवा बराच वेळ पाण्याच्या काठाशी बसून कुजबुजत होते. येताना रेवाच्या हातात समुद्राच्या पाण्याने भरलेली बाटली. कशाला, असं विचारलं तर दोघांनीही आभाळाकडे पाहिलं.

*

परतीच्या वाटेवर नाशिकपासून मी तालीम सुरू केली. नाना अक्का झाले. रेवाने खणखणीत आवाजात म्हटलं, "नमस्कार अक्काआजी, तुमची तब्येत कशी आहे?" मालेगाव येईपर्यंत सहा वेळा, एकही चूक नाही. मला भरून आलं. त्या व्हिडिओवाल्या बाईंना मनातल्या मनात साडीसुद्धा नेसवली मी.

धुळ्यात अंघोळीपुरते घरी थांबलो. ती बाटली इथेच ठेवू म्हटलं, तर रेवाने भोकाड पसरलं. नाना वकिलासारखे मध्ये पडले. "राहू दे सूनबाई, आठवण आहे पोरीची."

पारोळ्याच्या अलीकडे प्रशांतने गाडी चालवता चालवता हात मागे करून पाणी मागितलं. रेवाने नव्हे, मीच घाईत हाताला लागली ती बाटली दिली. त्याने मोठा घोट घेतला. गाडी कडेला थांबली. एरंडोल गेलं तरी तो माझ्याशी बोलला नाही. अक्कांच्या हिशेबाने आता दोन मुकी माणसं!

उरलेली बाटली नानांनी मांडीवर घेतली.

*

अक्कांनी भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा बेत केला होता. भावकीत त्यांच्या भरताला कोणी नावं ठेवत नाही, हिंमतच नाही. पानं वाढली. मी रेवाला कोपराने हळूच ढोसलं. तालमीतलं वाक्य! तिने ओठ मिटले.

अक्कांनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अजून मुकीच शे का?"

प्रशांत भाकरी मोजायला लागला. नाना एकाएकी छताचा पंखा निरखू लागले.

रेवा उठली. पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं, अक्कांच्या ताटाशेजारी नीट ठेवली आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अक्काआजी, तुमच्या भरतात मीठ नसतं ना, म्हणून नाना म्हणाले, समुद्रच घेऊन जाऊ."