एस्तेरमावशींनी मागितलेली प्रार्थना

एस्तेरमावशींना शेवटच्या आठवड्यात आम्ही झोपूच दिलं नाही.

त्रास द्यायचा म्हणून नाही. प्रार्थना करत होतो.

मी श्रीवर्धनकडच्या एका छोट्या मंडळीचा पाळक. मोजकी घरं, एक चर्च, आणि चर्चपेक्षा कायम जास्त भरलेला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

मावशी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. सुपारीची लहानशी वाडी, मुलगा शांतवन, सून करुणा. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मागच्या रविवारी शांतवनने त्यांना घरी आणलं.

त्याच संध्याकाळी आम्ही साखळी प्रार्थना सुरू केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाची पाळी संपली की दुसरा बसतो. दिवसरात्र खंड पडू द्यायचा नाही. एरवी ही आम्ही चर्चमध्ये करतो, नाहीतर ज्याच्या त्याच्या घरी. या वेळी प्रेमापोटी कुणीतरी सुचवलं, मावशींच्या खाटेपाशीच करू या.

ग्रुपवर पहिलं "आमेन" माझंच.

आता मावशी म्हणजे जुन्या वळणाच्या. कुणी आलं की सलाम करायला उशीवरून मान उचलणार. देवाशी बोलणं चालू असताना आडवं पडायचं कसं, म्हणून करुणाला सांगून उठून बसणार. डोक्यावर पदर. गीत सुरू झालं की ओठ हलवणार. आणि माणूस निघाला की खाटेवरूनच, "करुणा, च्या टाक गं."

अर्ध्या तासाने पुढचा माणूस. पुन्हा सलाम.

माझा आठवडा तर विचारूच नका. रविवारी हंगामाचा सण. उपासनेनंतर मंडळीने देवाला वाहिलेले केळीचे घड, नारळ, कोंबड्या यांचा लिलाव, त्यात एक कोंबडा सुटून पुलपिटामागे, मी उपदेशाला उभा राहतो तिथे, जाऊन बसला. मंगळवारी घरसभा. बुधवारी महिला मंडळ, तिथे शनिवारच्या लग्नाच्या जेवणावरून रुसवेफुगवे. शुक्रवारी उपास-प्रार्थना. मध्येच साउंड सिस्टिम बिघडली, तीही पाळकानेच बघायची असते.

गुरुवारी दुपारी मावशींना प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाची भाकर आणि द्राक्षरस, द्यायला गेलो. पाळीवरचा माणूस बाहेर ओटीवर चहा घेत होता.

मावशींनी माझा हात धरला.

"पाळकसाहेब, बरं कर म्हणून मागू नका आता. ने म्हणून मागा. मी लय दमलंय."

माझ्याकडे सगळ्या प्रार्थना असतात. नव्या घराची, दहावीच्या परीक्षेची, रिक्षाची, बोटीच्या इंजिनाची. ही प्रार्थनासुद्धा आहे उपासनेच्या पुस्तकात. पान माहीत आहे मला.

पण अख्खी मंडळी आरोग्य मागत होती. मुलगा उपास धरून होता. मी म्हटलं, मावशी, आधी शांतवनशी बोलतो.

"बोला," म्हणाल्या, आणि हात सोडला.

तेवढ्यात पुढच्या पाळीच्या बाई आत आल्या. मावशी उठून बसल्या.

शुक्रवारी शांतवनला चर्चच्या मागच्या बाकावर गाठलं. म्हटलं, आईला जरा विश्रांती देऊ, साखळी इथे चर्चमध्ये चालवू. उपासाने त्याचे ओठ सुकले होते. तो म्हणाला, "पाळकसाहेब, तुमीच धीर सोडला तर आमी कोणाकडं बघायचं?"

साखळी घरीच चालू राहिली. विश्वास धरा असं सांगायचा मला पगार मिळतो. सोडून द्या, हे मुलाला कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

शनिवारी लग्न. अख्खी मंडळी चर्चमध्ये, शांतवनही. मी नवरानवरीचे हात एकमेकांत देत होतो.

मावशींपाशी पाळीला कुणी नव्हतं. फक्त करुणा.

करुणाने नंतर सांगितलं, घरात इतक्या दिवसांनी आवाज नव्हता. मावशींना डोळा लागला. चक्क घोरायला लागल्या. हिला एवढं बरं वाटलं की हिने बाहेरचं दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने घोरणं थांबलं.

निरोप आला तेव्हा हॉलमध्ये जेवणं चालू होती. ताटं हातात घेऊन उभ्या असलेल्या रांगेतच मी पहिल्यांदा ऐकलं, साखळी तुटली म्हणून गेल्या. मी मावशींच्या घरी पोचेपर्यंत ते ग्रुपवरही आलं होतं. कुणीतरी लिहिलं, सुनेने दार का लावलं?

मी मंडळीचा पाळक. मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. फोन हातात धरून नुसता बसलो.

आज उपासना उरकून माती दिली.

लोक पांगल्यावर शांतवन आणि मी वाडीत बसलो. मला राहवेना. त्याला सांगितलं, गुरुवारी तुझ्या आईने माझ्याकडे काय मागितलं, आणि मला ते जमलं नाही.



"मला आधी बोललेली," तो म्हणाला. "घरी आणली त्याच दिवशी. मी म्हटलं, आई, ते पाळकांना विचार."

करुणा मागे उभी होती. ती म्हणाली, मावशींनी तिलाही विचारलं होतं. तिने शांतवनकडे बोट दाखवून सांगितलं होतं, ह्यांना विचारा.

त्यांच्यावर जीव टाकणारी आम्ही तीन माणसं. आणि त्या बाईला आम्ही एकमेकांच्या दारात पाठवत राहिलो.

हे लिहायला शांतवननेच सांगितलं. करुणाला जे बोलतायत त्यांनी वाचावं म्हणून. त्या आठवड्यात मावशींना हवं ते देणारी ती एकटीच, आणि तिलाही ते ठाऊक नव्हतं.

मग वाडीतच बसून मी ती प्रार्थना केली. प्रभो, तुझ्या दासीला ने.

माती देऊन झाल्यावर.

एस्तेरमावशी, सुखाने जा. आमच्याकडून तुम्हाला सोडणं झालं नाही.