शेवटच्या बांधीतलं पाणी

आसगावच्या तलावाचं पाणी बांधाला ठेवलेल्या तोंडातून, म्हणजे फोडीतून, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरतं. धानाच्या या बांधबंद तुकड्यांना वेगळा पाट नाही. सगळ्यात वर श्यामरावांचं शेत. सगळ्यात खाली, नाल्याला लागून, कुंताबाईंची एकच बांधी. नाला भरला की तिथलं पाणी पावसाळाभर हटत नाही. वर्षाचा तांदूळ त्याच बांधीतून येतो.

२०१४ साली रोवणीनंतर तीन आठवड्यांनी वरच्या धानाची पानं पांढरी पडली. वर छोटी पाखरं, किडीचे पतंग, उडू लागली. श्यामरावांनी खोडकिडा ठरवला आणि फवारणीचा पंप पाठीला लावला.

कुंताबाई सातवी शिकलेल्या. एका हंगामात शेतीशाळेला जाऊन किडे ओळखायला शिकल्या होत्या. त्यांनी एक पाखरू चिमटीत धरलं.

"भाऊजी, हे खोडकिड्याचं नोहोय. त्याची मादी पिवळी, पंखावर काळा ठिपका. हे पांढरं हाये, लहान हाये, बारीक तपकिरी शिंतोडे हायेत."

"वयनी पाखराची जात पाहून रायली," श्यामराव म्हणाले. "सोयरीक जुळवाची हाये काय?"

कुंताबाईंनी पाण्यावर तरंगणारी पानाची सुरळी उचलून उकलली. आत हिरवट अळी होती, अंगाच्या दोन्ही बाजूंना केसांसारखे कल्ले. ती पानाचा शेंडा कापते, स्वतःभोवती गुंडाळते, आत पाणी धरून एका रोपावरून दुसऱ्या रोपाकडे तरंगत जाते. पाणी तोडलं की मरते.

श्यामरावांनी पंप खाली ठेवला. "मंग उपाय काय?"

"धानावरून दोर ओढा, सुरळ्या पडतील. चार दिवस पाणी काढून टाका." त्यांनी खाली आपल्या बांधीकडे पाहिलं. ते पाणी कुठे जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. "पण आधी दर फोडीवर जाळी बांधा. मले दोन दिवस द्या."

"देतो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाई अंगणात जुनी मच्छरदाणी कापत होत्या. शेजारच्या ललिताबाई पाणी भरून आल्या. "कुंते, वरच्यायनं बांध फोडले ना वं. तुले सांगतलं नाही?"

त्या धावत गेल्या, फोडीवर जाळी बांधून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. वरच्या बारा बांध्यांचं पाणी एकदम उतरत होतं. दुपारपर्यंत जाळी हिरव्या सुरळ्यांनी गच्च भरली, पाणी तुंबलं आणि जाळीशेजारचा बांध सुटला.

वर श्यामरावांचं शेत चिखलापर्यंत कोरडं झालं होतं. खाली पाणी शांत झालं. सुरळ्या वाऱ्याने पसरत धानाला टेकल्या. एकीतून अळीने डोकं बाहेर काढलं आणि पान धरलं.