वळणावर घरघरणारी जीप

वसमतच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळ असूनही उन्हं तापायला लागली होती. एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात पान्यांची. नाशिकहून निघताना बायकोने विचारलं होतं, "बहिणीकडे चाललात की कामावर?" मला हसू आलं नाही. एका जुन्या जीपचा निकाल द्यायला मला बोलावलं होतं, आणि तो निकाल मी फोनवर एकदा देऊन चुकलो होतो.

मी नाशिकच्या एका गॅरेजात फोरमन आहे. माझी थोरली बहीण, आक्का, कुरुंद्याजवळच्या एका वाडीवर राहते. दाजींची जीप तिची मुलगी शारदा चालवते. वाडीवरच्या मुलींना सकाळी कुरुंद्याच्या शाळेत सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं, हे तिचं काम. बस वाडीपर्यंत येत नाही. होळीनंतर जीप खालून घरघरायला लागली. तिने मला फोन केला. मी एका इंजिनात डोकं घालून उभा होतो. "क्लचवर पाय ठेवून चालवतेस का?" असं विचारलं. ती म्हणाली, "न्हाई मामा, ऐका ना, ती..." मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "ठेवत असशील. नव्या हाताला कळत नाही," म्हणालो आणि फोन ठेवला. तिकडे दाजी शेजारीच ऐकत बसले होते. त्यांनी चावी काढून घेतली. वाडीतले लोक आधीपासून म्हणतच होते, की बाईच्या हाती गाडी गेली म्हणून बिघडली. आता नाशिकच्या मेकॅनिकनेही तेच सांगितलं. मुली चालत जाऊ लागल्या, दोघींनी शाळा सोडली. जीप डोंगरकडा गावच्या एका माणसाला देऊन टाकायचं ठरत आलं, तेव्हा आक्काचा फोन आला. "मधू, एकदा येऊन डोळ्यानं बघ. मंग काय ते बोल."

स्टेशनाबाहेर शारदा जीप घेऊन उभी होती. मला आणण्यापुरती चावी तिला मिळाली होती. तिने पिशव्या मागे टाकल्या. प्रवास कसा झाला, मामी बऱ्या आहेत का, एवढंच विचारलं.

गाव मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना काळी शेतं सुरू झाली. रस्त्याकडेच्या प्रत्येक मोकळ्या जागेत शिजवलेली हळद वाळत पसरलेली होती, आणि वाऱ्याबरोबर तिचा उग्र, मातकट वास येत होता. मी खिडकीला कान लावून बसलो. गाडी सरळ चालली होती. काहीच आवाज नव्हता. मी गिअरच्या दांडीवर हात ठेवून पाहिला. गिअरबॉक्स शांत होता. मनात आलं, सांगावं का हिला, की वाजतच नाही म्हणून? तेवढ्यात कालव्याच्या पुलावरचं वळण आलं. शारदाने स्टिअरिंग फिरवलं आणि पाठीमागून, सीटच्या खालून, जात्यात खडे पडावेत तसा आवाज उठला. वळण संपलं, आवाज थांबला.

पुढे शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला म्हणून थांबलो. शेळ्यांमागचा म्हातारा खिडकीशी वाकला. "काय गं शारदे, आज गाडी मिळाली व्हय? मंग आज कोंच्या दवाखान्यात चालली गाडी?"

"दवाखाना सोबतच आणलाय, आबा," ती माझ्याकडे हात करून म्हणाली.

म्हातारा हसला. कळप पुढे गेल्यावर मी विचारलं, "सरळ रस्त्यावर वाजतच नाही का?"

"न्हाई. वळताना वाजते. त्या दिवशी फोनवर तेच सांगून राहिले होते." तिने पुढचं वळण सावकाश घेतलं. तिच्या बोलण्यात ठपका नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

क्लचचा दोष गिअर बदलताना कळतो, गाडी सुटताना कळतो. वळणावर कळत नाही. हे मला ठाऊक होतं. फोनवर फक्त 'कधी वाजते?' एवढं विचारायला हवं होतं.

वाडीवर पोहोचलो तर दाजी अंगणातच उभे होते. "या पाव्हणे! लई दिसानं मेव्हणा आला तो बी पाने घेऊन!" त्यांच्या मागे हळदीचा ढोल उभा होता. शिजवून वाळवलेली हळद या लोखंडी ढोलात घालून फिरवली, की वरचं साल घासून निघतं आणि तिला झळाळी येते. पूर्वी माणसं हाताने ढोल फिरवायची, आता बहुतेकजण ट्रॅक्टर लावतात.

"पाव्हणे, गाडी जरा मोकळी करा," दाजी म्हणाले. "दोन पोती हळद राहिली. ऊन उतरायच्या आत ढोल फिरवून घेऊ."

"जीपवर?"

"मंग! आपली युक्ती हाय ती. आजूबाजूचे समदे बघायला येतात."

त्यांनी जीप ढोलाजवळ लावायला लावली. मागचं डावं चाक जॅकवर उचलून काढलं, त्या जागी लाकडी पुली बसवली आणि तिच्यावरून ढोलाला पट्टा घातला. उजव्या चाकाला पुढून-मागून दगड लावले. इंजिन सुरू करून गिअर टाकला आणि ढोल गरगर फिरू लागला. अंगण पिवळ्या धुळीने भरलं. त्या गडगडाटात दुसरा कुठलाही आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. मी डाव्या चाकाच्या नटांकडे पाहिलं. रोज काढून-घालून ते चकाकत होते. उजवे गंजलेले होते.

मला तेव्हाच कळलं. पण मी बोललो नाही. शेजारचे चौघे-पाचजण ओट्यावर बसले होते, दाजींच्या डोक्याची तारीफ चालली होती. आक्काने धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट, थापून भाजलेल्या पोळ्या) आणि दही वाढलं. दाजींनी हसत विचारलं, "मंग पाव्हणे? क्लचच ना?" मी म्हणालो, "उद्या उघडून बघू." शारदा दारात ताकाचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. मेव्हणा म्हणून मिळणाऱ्या मानाला मी त्या जेवणापुरता जपलो, हे लिहिताना अजूनही जड जातं.

सकाळी मी जीपच्या खाली शिरलो. दोन्ही मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. त्याचं तेल सोडताना भांडं कलंडलं आणि अर्धं तेल माझ्या सदऱ्यावर आलं. दाजी म्हणाले, "पाव्हण्याला बी पॉलिश झालं!" ओट्यावर हशा पिकला. भांड्यात उरलेल्या तेलात मी बोट बुडवून उन्हात धरलं. झिजलेल्या लोखंडाच्या चुऱ्याने तेल चांदीसारखं चमकत होतं. झाकण उघडलं तेव्हा आतल्या लहान चाकांचे दात झिजून धारदार झाले होते, एकाचा तुकडा पडला होता.

मी बाहेर आलो. या वेळी सगळे असतानाच बोललो.

"दाजी, गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. तेवढ्यासाठी ही लहान चाकं असतात. सरळ रस्त्यावर ती झोपलेली असतात. तुम्ही एक चाक दगडांनी अडवून दुसरं दिवसभर पळवलंत. त्यांना दिवसभर झोपच नाही."

"काहून? गाडी तर जागची हाललीच न्हाई!" दाजी म्हणाले. "रस्त्यावर झिजू नये म्हणून तर चावी घेतली पोरीकडून. आधी पोरी शाळेत असतानाच ढोलाला लावायचो, तवापासून नुसती ढोलालाच लावून राहिलो."

"तिथेच झिजली. शारदाच्या पायाचा यात काही संबंध नाही. फोनवर मी जे बोललो ते न बघता, न ऐकता बोललो. चुकलं माझं. आणि हा तुकडा चाकांत अडकला असता, तर वळणावरच मागचं चाक जाम झालं असतं. मुली आत असताना."

ओट्यावरचा एकजण हळूच म्हणाला, "म्हंजे आमचीबी हळद त्याच्यावरच घासली..."

दाजींनी तो तुकडा बोटांत फिरवून पाहिला. मग जॅकचा दांडा उचलून भिंतीला टेकवला, पुलीचा पट्टा गुंडाळला आणि खुंटीला लावला. मी काही म्हणण्याआधी त्यांनी टोपी घातली. "सामान नांदेडला मिळंल ना? चिठ्ठी द्या लिहून. मीच जातो."

ते कुरुंद्याहून बसने गेले. परत आले तेव्हा सामानाची जड पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली होती, असं सोबत आलेला शेजारी सांगत होता. गाडी जोडताना ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि मागेन तो पाना हातात देत राहिले. झाकणाचा शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून चावी काढली आणि आक्काच्या हातात दिली. "ही तिला दे."

"तुमीच द्या," आक्का म्हणाली. "घेतली तुमीच हुती."

शारदा आतून आली. दाजींनी चावी पुढे केली. "ढोल आता ट्रॅक्टरवर," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलींना शाळेत सोडून शारदा मला हिंगोलीला घेऊन निघाली. मागे हळदीची दोन पोती होती, मोंढ्यात (बाजारात) द्यायची. शाळा सोडलेल्या दोघींपैकी एक आज सकाळी गाडीत होती. दुसरीच्या घरी शारदा संध्याकाळी जाणार होती. औंढ्याकडून जाणाऱ्या रस्त्यावर वळणं बरीच आहेत. प्रत्येक वळणाला माझा कान आपोआप खाली जायचा. फक्त टायरचा आवाज येत होता.

"मामा, आता काही वाजून राहिलं का?"

"नाही. तुला?"

"मला बी न्हाई." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ती दुसरी पोरगी यायची न्हाई, असं वाटतं मला. तिच्या बापानं आता शेळ्या तिच्या अंगावर टाकल्या."

जीप दुरुस्त झाली होती, तरी माझ्या एका वाक्याने मोडलेलं सगळं काही पान्याने जुळणार नव्हतं. स्टँडवर उतरताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती वाकून पाया पडायला निघाली. मी तिला पडू दिलं नाही.

नाशिकला पोहोचल्यावर बायकोने सदऱ्यावरचे पिवळे-काळे डाग पाहिले. "मग, काय झालं होतं गाडीला?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "वळताना वाजत होती," म्हणालो. "शारदाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."